मामीने हात जोडले ती सकाळ

कुसुममामीचे माझ्यावर सगळ्यात मोठे ऋण आहे. काल नागपूरच्या सदर भागात विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून ताज्या वार्निशचा वास आला आणि मी तिथेच थबकलो.

मामा-मामी जुन्या बसमध्ये संसार थाटून जत्रांत बांगड्या विकत. आईवडील गेल्यावर मीही त्याच बसमध्ये वाढलो. नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर आला, एसटीचा संप, आणि नरखेडजवळ आमच्या बसची वीज तयार करणारा अल्टरनेटर जळाला. पावसाळ्यात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मामीने तो उघडला.

"अवं, थे अल्टरनेटर हाय, बांगड्या नाई," मामा म्हणाले.

"मंग तुमीच भरा नं तार!" मग माझ्याकडे वळून, "तू काहून घाबरून राहिला गा? पोचवतो तुले."

रात्रभर तांब्याची तार तिच्या बोटांतून केसासारखी सरकत होती; शेवटी तिने तारेवर वार्निश चढवले. आमची बॅटरी उतरली होती, म्हणून सकाळी शेजारच्या ट्रॅक्टरची लावून मामांनी बस सुरू केली. चालकासमोरचा लाल दिवा लागला, इंजिनाने वेग घेतला आणि तो विझला. वीज तयार होऊ लागली होती. 'दिवा विझला' असे घरात बोलूही न देणाऱ्या मामीने त्या विझलेल्या दिव्याला हात जोडले. तेव्हा मला हसू आले. आज माझेच हात जुळतात.

वसतिगृहातून मी तिला लिहिले: "ती. मामी, त्या दिवशी कॉलेजातून बाहेर आल्यावर सांगायचं राहिलं. प्रवेश देताना तिथल्या साहेबांनी विचारलं, घर कुठं? मी खिडकीतून दाखवलं, ते काय, फाटकाशी उभं आहे."