कोनाक्रीची आई आणि गॉलवेचं दुकान

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास मुलीच्या नावन गावाहून निघालो, तेव्हा मला फक्त अटलांटिक समुद्र बघायचा होता. तो आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवे शहरात. २०१५ सालचा ऑक्टोबर, नवरात्रातली पाचवी माळ. खरं तर मुलगी आणि जावई मला नेणार होते, पण मुलीच्या औषधांच्या कारखान्यात अचानक तपासणी निघाली आणि बेत बारगळला. अकोल्याहून इतक्या लांब येऊन घरातच बसायचं म्हणून मी हिरमुसले होते. तेवढ्यात शेजारच्या मरियामानं कुंपणावरून विचारलं, "नेने, मी उद्या गॉलवेला चाललेय. येता?" नेने म्हणजे तिच्या फुला भाषेत आई.

मरियामा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाची. नावनच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. कपडे वाळत घालताना आमची ओळख झाली. दोघींचंही इंग्रजी बेतास बात, त्यामुळे एकमेकींचं बोलणं झकास समजायचं. निघताना पाच वर्षांच्या नातीला छत्री कुठे आहे विचारलं, तर ती अस्सल आयरिश सुरात म्हणाली, "आजी, इट्स इन द प्रेस." मी छापखाना शोधायला लागले. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मुलीनं हसत सांगितलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ओली हिरवी कुरणं, मेंढ्या, आणि पाऊस पडावा की न पडावा अशा विचारात असलेलं आभाळ.  मरियामाचा हात मात्र दर थोड्या वेळानं फोनकडे जायचा.

"तुझं काही बिनसलंय का?" मी विचारलं.

"आईचा फोन लागत नाही. आज पाचवा दिवस."

मग तिनं सांगितलं. तिच्या देशात नुकतंच अध्यक्षपदाचं मतदान झालं होतं आणि निकाल तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत होते. तिकडे मालिंके आणि फुला हे दोन मोठे समाज. खुर्चीवरचे अध्यक्ष मालिंके, विरोधातला मुख्य उमेदवार फुला. मतदानाच्या आधीपासूनच राजधानी कोनाक्रीत दगडफेक सुरू झाली होती, आणि मतदानानंतर बाजारातली दुकानंही जळाली होती. मरियामाची आई त्या बाजाराच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची.

"आणि गॉलवेत काय आहे?"

"माझा भाऊ आल्फा. त्याचं आणि सेकूचं भागीदारीत दुकान आहे. सेकू मालिंके. दोघं एका गल्लीत वाढले, एका वर्गात शिकले, बरोबरच इकडे आले. मतदानाच्या दिवशी दुकानात भांडले. दुकानाच्या वरच दोघं राहायचे, सेकू ते घर सोडून गेला. आता आल्फा म्हणतो, दुकान बंद करून टाकतो."

मी तीस वर्षं महसूल खात्यात काढली, शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. प्रत्येक निवडणुकीत ड्युटी ठरलेली. त्यामुळे माझं कुतूहल नको तितकं जागं झालं. मतदान कागदावर की यंत्रावर? मोजणी कुठे होते? पेट्या कोण नेतं? मी प्रश्नांची सरबत्ती लावली. मरियामा शांतपणे उत्तरं देत होती. आपण एका काळजीत असलेल्या मुलीची उलटतपासणी घेतोय, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

अ‍ॅथलोनच्या अलीकडे चहासाठी थांबलो. रस्त्यालगत काळी दलदल होती आणि तिथे वाळत घातलेल्या काळ्या विटांचे ढीग. लांबून पाहिलं तर आपल्याकडचे गोवऱ्यांचे उडवेच. दलदलीची माती कापून, वाळवून चुलीत जाळतात. जवळून बघावं म्हणून दोन पावलं पुढे गेले आणि डावा पाय नडगीपर्यंत आत. मरियामानं मला ओढून काढलं, पण बूट राहिला. ट्रॅक्टरवरचा एक म्हातारा उतरून आला आणि फावड्यानं त्यानं तो बूट बाहेर काढला. "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," तो म्हणत होता. इकडे ग्रँड म्हणजे भव्यदिव्य नव्हे, नुसतं ठीक. त्या दिवशी मरियामा पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

दुकान गॉलवेच्या एका आतल्या रस्त्यावर होतं. तांदळाची पोती, सुकी मासळी, पाम तेलाचे लाल डबे, आणि चक्क आपल्याकडच्या लोणच्याच्या बाटल्याही. दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक आलं तर आल्फा मान वर करत नव्हता. उंच, किडकिडीत, तिशीतला माणूस. बहिणीला बघून उठला, मला दोन्ही हात जोडून वाकला. "जारामा (नमस्कार), नेने."

वरच्या खोलीत त्यानं जेवण मांडलं होतं. माझा उपास आहे, काय चालत नाही, हे सगळं मरियामानं त्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. ताटात पांढरं, मऊ, बारीक कणीचं काहीतरी होतं आणि त्यावर दाण्याचं दाटसर कालवण. मी घास घेतला आणि थबकले. भगर आणि दाण्याची आमटी! धान्याचं नाव फोनियो, पण चव अगदी आपल्या भगरीच्या चुलत बहिणीसारखी. हे उपासाला चालतं की नाही, याचा निवाडा मी देवीवर सोपवला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"नेनेनं तीस वर्षं मतं मोजलीत," मरियामा भावाला म्हणाली.

आल्फानं चमचा खाली ठेवला. "मग खरं सांगा. मोजणारे खोटं करतात ना?"

मी म्हटलं, इतरांचं माहीत नाही, माझं सांगते. एकदा मतपत्रिकांची पन्नासाची एक गड्डी मी चुकून दुसऱ्याच उमेदवाराच्या ट्रेमध्ये टाकली होती. त्या गावात दोन समाजांत हाणामारी झाली होती, बाहेर पोलीस उभे होते. ज्याच्या ट्रेमध्ये गड्डी गेली त्याचाच प्रतिनिधी समोर बसला होता. तो म्हणाला, "बाई, ही आमची नाही." मी ती उचलून दुसरीकडे ठेवली. त्याचा उमेदवार पडला. ही चूक मी साहेबांनाही कधी सांगितली नव्हती, मुलीलाही नाही.

आल्फानं चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "तो एक माणूस होता."

"हो, एकच होता," मी म्हटलं. "पण तो एक टेबलापाशी होता, म्हणून निभावलं."

त्यावर तो उठला आणि ताटं गोळा करू लागला. माझं बोलणं त्याला पटलं असं मला वाटलं नाही.

दुपारी मरियामा मला समुद्रावर घेऊन गेली. खाडीच्या तोंडाशी जुन्या कोळीवाड्यासारखी वस्ती, पाण्यात पांढऱ्या राजहंसांचा थवा, आणि पलीकडे करडा, थंड अटलांटिक. मी बघतच राहिले. वारा असा की पदर कानाशी फडफडत होता. पण मरियामा समुद्राकडे बघत नव्हती. बाकावर एक धष्टपुष्ट तरुण बसला होता, त्याच्याकडे बघत होती. तो सेकू. दुकानासमोरच्या न्हाव्याकडून तिनं त्याचा ठावठिकाणा काढला होता.

ती त्याच्यापुढे उभी राहिली.  मग मला कळावं म्हणून असेल, किंवा आपल्या भाषेत ते बोलणं तिला जड गेलं असेल, पण ती इंग्रजीत म्हणाली, "तुझ्या घरच्यांना विचारून देशील का? माझी आई जिवंत आहे का?"

सेकू गोंधळून उभा राहिला. "म्हणजे? तुला माहीत नाही?"

"काय?"

"ती माझ्या मावशीकडे आहे. बाजार पेटला त्याच दिवशी मावशी तिला घेऊन गेली. तिचा फोन धावपळीत पडला. मी आल्फाला रोज मेसेज करतोय. रोज. त्यानं एकाचंही उत्तर दिलं नाही."

मरियामा बाकावर बसली. "त्यानं तुझा नंबर बंद करून ठेवलाय."

सेकूचा चेहरा आधी रागानं ताठ झाला, मग हळूहळू सैल पडला. "मला वाटलं, माझ्या मावशीच्या घरी आई राहते याची त्याला लाज वाटते."

"तू मला का नाही फोन केलास?"

"तू का नाही केलास?"

मरियामानं मान खाली घातली. "मला वाटलं, तू त्यांच्या बाजूचा."

मी थोडी लांब जाऊन हंस बघत उभी राहिले. त्या दोघांना रडताना तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

दुकानात परतलो तेव्हा आल्फा गल्ल्यापाशी होता. सेकू दारातच थांबला. मरियामानं फुला भाषेत भराभरा काहीतरी सांगितलं. आल्फानं खिशातून फोन काढला, बंद केलेल्या नंबरांचे मेसेज साठतात ती जागा कितीतरी वेळ शोधली, आणि मग वाचत बसला. एकेक मेसेज.  वाचून झाल्यावर त्यानं दारातल्या सेकूला हातानं आत बोलावलं.

सेकूनं मावशीला फोन लावला. पलीकडून मरियामाच्या आईचा खणखणीत आवाज आला. मला भाषा कळत नव्हती, तरी ती कुणाला तरी रागावतेय हे कळलं. मरियामा ओंजळीत तोंड लपवून हसायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मावशीचं घर चांगलं आहे, पण कालवणात मिरची फार. आणि आल्फाला नंतर फोन द्या, आधी सेकूशी बोलायचंय."

सेकू बोलत राहिला. आल्फा शेजारी उभा, हात पुढे केलेला, आपली पाळी कधी येते याची वाट बघत. तब्बल दहा मिनिटं त्याला फोन मिळाला नाही.

परतीच्या वाटेवर बराच वेळ उजेड होता. अ‍ॅथलोन ओलांडल्यावर मरियामाच्या फोनवर बातमी आली. सत्तेवरचे अध्यक्ष पहिल्याच फेरीत निवडून आल्याचं जाहीर झालं होतं, विरोधकांना ते मान्य नव्हतं. तिनं फोन उलटा ठेवला.

"आता ते दोघं पुन्हा भांडतील?" मी विचारलं.

"भांडतील ना. आल्फा म्हणेल चोरी झाली, सेकू म्हणेल हरलास म्हणून ओरडतोस. उद्यापासूनच." तिनं आरशात मागचा रस्ता पाहिला. "पण दुकानात भांडतील."

मी आणखी तीन आठवडे नावनला होते. या काळात तिची आई आपल्या गल्लीत परत गेली. शेजारची दोन घरं मात्र रिकामीच होती. त्यांतली माणसं निघून गेली होती, ती आली नाहीत. मरियामानं हे मला कुंपणावरून सांगितलं, कपडे पिळता पिळता.

अकोल्याला आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी समुद्र सांगते, हंस सांगते, दलदलीत अडकलेला बूट तर हमखास. पण मनात राहिलं ते वेगळंच. इतकी वर्षं निकालाच्या कागदावर सही झाली की आम्ही पेट्यांना लाख लावायचो आणि तालुक्याच्या जीपमध्ये बसून घरी यायचो. मागे राहिलेल्या गावात दुसऱ्या दिवशी कोण कोणाच्या दारात गेलं आणि कोणाचं दार उघडलंच नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.