वालीचा नंबर

अर्ज भरायला बसलं की माझा हात माझं ऐकत नाही, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कॉलेजच्या खिडकीपाशी कळलं. नाव लिहिलं, सुरतेतल्या बमरोलीचा पत्ता लिहिला, आणि ‘वालीचा मोबाइल नंबर’ या रकान्यात हाताने घडाघडा माझ्या मोठ्या दिरांचा नंबर लिहून टाकला. हाताचा तरी काय दोष? धुळ्याकडून सुरतेला आलेल्या आमच्या घरात पहिला मोबाइल भाऊंनी घेतला. (मोठ्या दिरांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो.) तेव्हापासून गॅस, रेशन, दवाखाना, पोरांच्या शाळा, सगळीकडे तोच नंबर. माझा स्वतःचा नंबर मला आजही पाठ नाही. भाऊंचा मी झोपेत सांगेन.

तसं मी खिडकीतल्या क्लार्कला म्हटलं होतं, “भाई, मीच दोन कमावत्या पोरांची वाली आहे. मला कशाला वाली?”

“रकाना खाली नहीं चलेगा, बेन. कम्प्युटर आगे ही नहीं जायेगा.”

कम्प्युटर अडून राहिला तर माझं बी.ए. कसं व्हायचं? म्हणून लिहिलं.

दुसरी चूकही त्याच खिडकीत झाली. त्याने दहावीची आणि गेल्या वर्षी बाहेरून दिलेल्या बारावीची गुणपत्रकं आणि लग्नाने नाव बदलल्याचा पुरावा मागितला. मी अख्खी पिशवी दिली. परराज्यात राहणाऱ्या आमच्या लोकांना ही खोडच आहे. ऑफिसात एक कागद मागितला की आम्ही दहा पुढे करतो. कमी पडला आणि परत पाठवलं तर मिलमध्ये आणखी एक खाडा पडेल, ही धास्ती. क्लार्कने पिशवीतलं एकूण एक पान स्कॅन केलं. मी कौतुकाने बघत राहिले. किती मनापासून काम करतो बिचारा!

दिवाळीच्या सुटीनंतर नोटीस लागली. प्रत्येक वालीच्या मोबाइलवर एक लिंक जाणार, वालीने विद्यार्थ्याची फाइल उघडून सगळे कागद बघायचे आणि ‘मान्य’ दाबायचं. शनिवारपर्यंत दाबलं नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. माझ्या आजूबाजूच्या अठरा वर्षांच्या पोरी वाचून हसत होत्या. मी भिंतीला टेकले.

कारण त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी चार माणसांत छातीवर हात ठेवून सांगितलं, “मुलगी दहावी पास आहे.” मी आत चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली, कारण पंधरा दिवसांपूर्वीच मी गणितात गचकले होते. मला बघायला भाऊ आले होते. त्यांना घरात शिकलेली बाई हवी होती. त्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली आणि सुरतेला येऊन गल्लीभर सांगितलं. पुढे पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तान्हं आईकडे ठेवून मी गणिताचा पेपर पुन्हा दिला आणि सुटले. नवऱ्याला ठाऊक होतं, त्याने ते पोटात ठेवलं. आता फाइलमध्ये नापासाचं गुणपत्रक, लग्नाचा दाखला आणि लग्नानंतर दोन वर्षांनी पास झाल्याचं गुणपत्रक, असे तीन कागद एकापाठोपाठ बसले होते. वाचणाऱ्याला डोकं चालवायचीही गरज नव्हती.

इथवरचं मी तुम्हाला हसत सांगू शकते. पुढचं सांगताना माझी ही रंगवून सांगायची सवय मलाच नकोशी होते.

अकरा वर्षांपूर्वी भाऊंची मुलगी, माझी पुतणी, दहावीला नापास झाली. भाऊंनी तिला ओट्यावर सगळ्यांसमोर उभं केलं. “तुनी काकूले दख! एकच झटकामा पास व्हयेल शे!” असं म्हणून त्यांनी तिला चपलेने मारलं. मी दारात पदर घेऊन उभी होते. गल्लीतलं प्रत्येक भांडण सगळ्या आवाजांसकट करून दाखवणारी मी, त्या दिवशी माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. तिला पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी बारडोलीला देऊन टाकली.

म्हणजे फाइल भाऊंनी बघितली तर माझी लाज गेली असती, ती जाऊ दे. मला भीती होती ती पुतणीपर्यंत बातमी पोचण्याची.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर हजर.

“भाई, वालीचा नंबर बदलायचाय.”

“बदलाशे ने! ओटीपी आवशे.”

“कुठे?”

“वालीना मोबाइल पर ज.”

“अहो, ज्याला कळू द्यायचं नाही, त्यालाच विचारून नंबर बदलू?”

तोवर त्याने माझी फाइल उघडली होती. उघडली ती उघडली, मोठ्याने वाचायला लागला. “ओहो! पहेली वार गणितमां फेल!”

रांगेतल्या पोरी माना लांबवून बघायला लागल्या.

“हळू हो!”

“आ तो रेकॉर्ड छे, बेन. एमां शरमावानुं शुं?”

“रेकॉर्ड कोणाचं? नाव माझं, वय माझं, नापास मी झाले. आणि बघायचं कोणी? तुम्ही, ही रांग आणि माझे दीर! माझ्याशिवाय सगळ्यांचा त्याच्यावर हक्क?”

तो गोंधळला. असं त्याला कोणी विचारलं नसावं. त्याने मला प्राचार्यबाईंकडे पाठवलं. बाई चांगल्या होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. म्हणाल्या, “पालकांना सगळं कळावं म्हणूनच ही सोय केली आहे.” मी म्हटलं, “मॅडम, माझे पालक वारले.” त्या ओशाळल्या, नंबर बदलण्याचा माझा अर्ज ठेवून घेतला, बघू म्हणाल्या. शनिवारला तीन दिवस होते.

राहिला भाऊंचा फोन. इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. भावजयीने मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. मला काही सांगायचं असलं की मी दाराच्या चौकटीला सांगते, भाऊ ऐकतात आणि उत्तर खिडकीला देतात. सत्तावीस वर्षं संसार असाच चाललाय, कधी अडलं नाही. पण चौकटीला ओटीपी कसा मागायचा?

शेवटी मी चोर झाले. भाऊ जेवायला बसले, सदरा खुंटीवर होता. खिशातून फोन काढला. तो उघडायला अंगठा लागतो, आणि अंगठा तिकडे वरणभात कालवत होता! तेवढ्यात भाऊ खाकरले. मी फोन पुन्हा खिशात कोंबला आणि तोच सदरा धुवायचा आहे अशा थाटात दोनदा झटकला. नवरा ताटावरून बघत होता. नंतर म्हणाला, “सांगून टाक ना आता.” मी त्याच्यावरच खेकसले. सांगणं इतकं सोपं असतं तर अकरा वर्षांपूर्वी ओट्यावरच सांगितलं नसतं का?

त्याच संध्याकाळी पुतणी बारडोलीहून चार दिवसांसाठी माहेरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत साडीवर खडे चिकटवत बसले होते. ती समोर भाजी निवडत होती. भाऊ बाहेरून आले, फोन तिच्यापुढे धरला.

“हाई काय इंग्रजी शे? दख बरं.”

तिने भाजीचे हात पुसले. माझ्या बोटाला खडा चिकटून बसला होता, तो सुटेना. तिचा अंगठा स्क्रीनवर वर जात होता. थांबला. खाली आला. पुन्हा वर गेला. ती कुठल्या कागदावर आहे हे मला त्या अंगठ्यावरून कळत होतं. तिने फार वेळ लावला.

“काय लिखेल शे?” भाऊंनी विचारलं.

“काकूंच्या कॉलेजचं आहे, आबा.” एवढंच म्हणून तिने फोन वडिलांना न देता माझ्या मांडीवर ठेवला. मला म्हणाली, “हे मी बघायला नको होतं. तुमचं आहे. आता काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

जे मी खिडकीत, ऑफिसात भांडून मागत होते, ते तिने न मागता दिलं. माझा कागद माझ्या हातात. ‘मान्य’ दाबून मोकळं व्हायचं, भाऊंना सांगायचं की फीची काहीतरी भानगड आहे. मला दहा गोष्टी सुचल्या, तिथल्या तिथे, एकीपेक्षा एक सरस.

मी उठले आणि भाऊंसमोर उभी राहिले.

“भाऊ, मी दहावीला नापास झाले होते. माझे वडील खोटं बोलले आणि मी गप्प राहिले. पास झाले ती लग्नानंतर दोन वर्षांनी.”

भाऊंनी आधी चौकटीकडे पाहिलं. माझा आवाज तिकडून यायची त्यांना सवय. मग माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि तसेच अनवाणी बाहेर निघून गेले.

आम्ही दोघीच उरलो.

“कुठल्या विषयात?” तिने विचारलं.

“गणित.”

“किती होते?”

“बावीस.”

तिने निवडलेली भाजी माझ्यापुढे सरकवली.

“मला एकतीस होते,” ती म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.