खड्ड्यातलं पाणी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, गुडीहत्नूरच्या पुढे तलावाच्या तळातल्या शिकम जमिनीवर बांधलेल्या सबस्टेशनमध्ये, अर्थिंग तपासणाऱ्या माणसानं सही करायला नकार दिला. नवा ट्रान्सफॉर्मर सुरू झाला नाही.

बातम्यांच्या निमित्तानं मी त्याला चार वर्षं पाहतो आहे. कुठंही गेला की नमस्काराआधी तो एकच विचारतो, "पाणी कोनं टाकलं?" मग अर्थिंगच्या खड्ड्यातली माती चिमटीत चुरतो, दमल्यासारखा श्वास सोडतो आणि त्यानंतरच मीटर लावतो.

त्या दिवशी मीटरवरचा आकडा उत्तम, मर्यादेच्या बराच खाली होता. खड्डा ओला होता. भोवतालच्या काळ्या मातीला मात्र भेगा पडल्या होत्या.

"काका, तलावाची जमीन हाय, ओल राहणारच," ठेकेदार म्हणाला. "काऊन अडवून राह्यले?"

"तलाव कवाचाच मांगं सरला. ही ओल बादलीची हाय." त्यानं शेजारी उभ्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं. "माती सुकली अन् बिघाड झाला, का करंट जमिनीत जात नाही, याच्या हातात येते. स्विचचं हँडल तुमी धरसान का?"

ठेकेदार हसला. तपासणारा हसला नाही. खड्ड्याच्या झाकणाला त्यानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "आता सुकू द्या चार दिवस," म्हणत झाडाखाली जाऊन डबा उघडला.

चौथ्या दिवशी त्यानं कुलूप काढलं. माती चिमटीत कोरडी चुरली. आकडा मर्यादेच्या तिप्पट आला. ऑपरेटरनं तो दोनदा वाचला आणि हँडलकडे न जाता हातमोजे काढून ठेवले.