राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीपुढचा चहा

आज घरात बखूर जाळला आणि त्या सुगंधी धुरासरशी मला समुद्राकाठचा तो बंगला आठवला. परदेशातले एक राष्ट्राध्यक्ष सुट्टीला कुवेतला आले की तिथेच उतरत. माझे अब्बा तिथले स्वयंपाकी. राष्ट्राध्यक्ष मारले गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळीही अब्बांनी नेहमीसारखा खोल्याखोल्यांतून धूर फिरवला आणि त्यांच्या खुर्चीपुढे चहा ठेवला.

“अब्बा, आता कोण येणार?”

“येणार नाहीत, असं मला कुणी कळवलेलं नाही.”

मला हसू फुटलं. पण धूर त्या खुर्चीपाशी जाऊन थबकला, आणि माझं हसू विरलं.

आता तो बंगला नाही, अब्बाही नाहीत. मघाशी मी इथल्या अब्बांच्या खुर्चीपुढे चहा ठेवला, तर लेक हळूच म्हणाली, “अम्मी, नाना इज नॉट कमिंग.”

मी कप खुर्चीच्या आणखी जवळ सरकवला.