मनी आणि चंद्री

पेडगावच्या अलीकडं एका वाडीत कडूबाई नि तिचा नवरा मुंजाजी राहायचे. दोन एकर मुरमाड रानावर वर्ष निघत नसे. म्हणून दिवाळी झाली की दाराला कुलूप घालून दोघं ऊसतोडीला जात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतत. मागं राहायची ती मनी, करड्या पाठीची मांजर. पहिल्या साली कडूबाईला वाटलं, आता ही काही दिसत नाही. पण परतल्यावर कुलूप काढत असतानाच मनी पत्र्यावरून उतरली आणि पायांत घुटमळायला लागली. पुढंही दरसाल तसंच. "माझी वाट बघत उपाशी बसती," असं कडूबाई शेजारणींना सांगायची. तिला मूलबाळ नव्हतं.

चौथ्या साली मनी चांगली गुबगुबीत होऊन सामोरी आली, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला निळा मणी. दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी बांधलेला. कडूबाईला काही कळेना. मांजराची दृष्ट कोण काढतं?

दुपारी मनी उठून चालू लागली, तशी ती मागं निघाली. मनी देवळामागून ओढ्यापलीकडच्या दलितवस्तीकडं वळली. कडूबाई ओढ्याशी थबकली. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या सालापासून ती पलीकडं गेली नव्हती. वाडीत कुणाचं घर जळलं नव्हतं. पण गावानं वस्तीतल्या बायांना कामाला बोलावणं बंद केलं, आणि पुढं बोलणंच तुटलं. शेवटी ती ओढा ओलांडून गेली. मनी शिरली ती सरजाबाईच्या दारात. ह्याच सरजाबाईच्या जोडीनं कडूबाईनं आठ वर्षं खुरपणी केली होती.

"हे मांजर कुणाचं हाय?" तिनं दारातून विचारलं. पाच वर्षांनी तोंडातून निघालं ते हे.

"माझं," सरजाबाई म्हणाली. "चंद्री नाव हाय. दिवाळीला येती, पाडव्याला जाती. मला वाटायचं, म्हायेराला जात असंल."

"म्हायेर न्हाई. घर हाय ते तिचं."

"मग तुमी गेल्यावर तिनं काय कुलूप चाटावं?"

'तुमी' ऐकून कडूबाईला कसंसंच झालं. पूर्वी ही बाई तिला 'अगं कडे' म्हणून हाक मारायची. रागवावं ते मांजरावर, सरजाबाईवर की स्वतःवर, तिला समजेना. "मने," तिनं हाक दिली. मनीनं कान हलवला आणि सरजाबाईच्या पायावर हनुवटी टेकली.

कडूबाई तशीच परतली. दिवस मावळायच्या आत मनीही आली आणि काही झालंच नाही अशी तिच्या मांडीवर गुरगुरत बसली.

पंधरा दिवसांनी ती सरजाबाईकडं व्याली. मग एका सकाळी तोंडात धरून एक पिल्लू तिनं कडूबाईच्या कणगीमागं आणून ठेवलं, थोड्या वेळानं दुसरं. तिसरं आणलंच नाही. दोन्हीकडं जाऊन दूध पाजायची.

"एक का ठिवलं असंल तिकडं?" कडूबाईनं नवऱ्याला विचारलं.

"इसरली असंल."

"इसरली तर रोज कशाला जाती?"

मुंजाजी खुरपं उचलून रानाकडं निघाला.

तिसऱ्या दिवशी कडूबाई दोन्ही पिल्लं टोपलीत घालून ओढ्यापलीकडं गेली. "लय हेलपाटे व्हायलेत तिला," ती सरजाबाईकडं न बघता म्हणाली. "एका जागी ऱ्हाऊ द्या."

सरजाबाईनं टोपली घेतली. दोन्ही पिल्लं तिसऱ्याजवळ नेऊन ठेवली. मग ती म्हणाली, "च्या घेतीस का?"

कडूबाई बसली. चहा प्याली. आपण मांजरासाठी आलो की हिच्यासाठी, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. घरी काय सांगायचं तेही ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनीनं तिन्ही पिल्लं उचलली ती देवळामागच्या कडब्याच्या गंजीत नेऊन ठेवली. ना ह्या घरी, ना त्या. दोघी बाया दुधाची वाटी घेऊन गंजीभोवती हिंडल्या. पारावरची माणसं बघत होती, कुणी कुजबुजलंही. पुढं आठ दिवस त्या तिथंच भेटत राहिल्या आणि आधी मांजराविषयी, मग इतर गोष्टींविषयी बोलू लागल्या.

त्या दिवाळीला निघताना कडूबाईनं घराची किल्ली सरजाबाईकडं ठेवली. मुंजाजीनं विचारलं, "शेजारी सोडून तिकडं कशाला?"

"मला बी नीट सांगता येत न्हाई," कडूबाई म्हणाली आणि गाडीत चढली.