सिस्टरांचं स्तोत्र

मनीषनगरच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. कुणी अडचण सांगितली की त्या बायबलमधलं एकच स्तोत्र म्हणतात, देव संकटातून सोडवतो ते. नळाला पाणी नाही म्हटलं तरी तेच. मी पार वैतागायचो.

परवा आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो. मी घंटा दाबत होतो आणि त्या स्तोत्र म्हणत होत्या.

"देव सोडवते म्हणता, मग आता काहून नाही सोडवून राहिला?" मी चिडून विचारलं.

"मले काय माहीत? बंद जागेची मले बहुत भीती वाटते. हे म्हणून राहिली, नाही तर ओरडली असती."

मी त्यांचा हात धरला.

"म्हणा सिस्टर, पहिल्यापासून."