खुर्ची, पॉज आणि सावनेरवाला सिनेमा

दर रविवारी भर दुपारी चार शहाणी माणसं पडदे ओढून पडेल भुताचे सिनेमे बघायला बसली, की किस्से साठणारच. सिनेमे विसरून जातात. पण ते बघताना कोण काय बोललं, कोणाचा चहा कोणाच्या पायजम्यावर सांडला, हे मात्र डोक्यातून जात नाही. परवा एका लग्नात कोणीतरी विचारलं, "तुम्ही लोक अजून जमता का हो?" मी जो सुरू झालो, तो पंगत उठली तरी थांबलो नाही. ती माणसं हात धुवून गेली. तुम्ही बसा.

जागा म्हणजे खोब्रागडे सरांची हुडकेश्वरची बैठक. सर गणिताचे, आता निवृत्त. मंगलाताई सावनेरच्या शाळेत शिकवतात, तिथून बसने येतात. पिंट्या ढोके मूळचा सावनेरकडचाच, पण लहानपणापासून नागपुरात मामाकडे वाढला. आता त्याचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आणि मी, अविनाश, धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर हाडंच बघतो, त्यामुळे सांगाड्याला मी भीत नाही. मला धास्ती फक्त पिंट्याची.

आमचा नियम असा की ज्याने कोणीच न पाहिलेला सिनेमा शोधून आणला, त्या रविवारी वेताची खुर्ची त्याची. बाकीचे सतरंजीवर. रिमोट त्याचा, आणि सिनेमा थांबवून बोलायचा हक्कही त्याचाच. "पॉज कोणाचा?" हा प्रश्न आमच्याकडे कोर्टात विचारावा तसा विचारला जातो. शिवाय त्या सिनेमाचं खरं नाव पुन्हा कोणी घेत नाही, शोधणाऱ्याचं नाव लागतं. सरांचा विहीरवाला. मंगलाताईंचा मांजरवाला. पिंट्याचा बाहुलीवाला, पिंट्याचा रेल्वे क्वार्टरवाला, पिंट्याचा दोन डोक्यांचा... किती सांगू? आणि माझ्या नावाचा एकही नाही! मी जो जो सिनेमा आणायचो, तो कोणीतरी आधीच पाहिलेला निघायचा. आणि तो कोणीतरी म्हणजे पिंट्या!

"हा पाहिला मी गा," नावं सरकायच्या आत तो म्हणायचा. "पण पाहू ना पुन्हा. चांगला आहे."

ते 'चांगला आहे' ऐकून माझा जीव नुसता जळायचा.

*

सरांचा कूलर उन्हाळ्यात एवढा आवाज करतो की किंकाळी ऐकूच येत नाही. म्हणून भूत येणार असं वाटलं की सर उठून कूलर बंद करतात. भूत आलं, किंचाळून गेलं, की पुन्हा सुरू.

एकदा हिरॉईन आरशासमोर केस विंचरायला बसली. सरांनी लगेच कूलर बंद केला. आरसा म्हणजे भूत येणार, हे त्यांचं गणित. हिरॉईन विंचरतेय. विंचरतेय. आम्ही घामाने निथळतोय. भुताचा पत्ता नाही.

दारातून काकूंचा आवाज आला. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. "मले नाही आवडत तुमचे भुतं" असं म्हणून त्या कधी बसत नाहीत, दाराला टेकून अख्खा सिनेमा उभ्याने बघतात.

"लावा तो कूलर! भूत येईपर्यंत तुम्हीच मरान!"

काकूंचा धसका आम्हाला आणखी एका कारणाने आहे. सर एकदा त्यांच्या विहीरवाल्यावर सुंदर बोलत होते. मेणबत्ती घेऊन एकटीच पडक्या बंगल्यात शिरणारी नायिका, मोठी होत जाणारी सावली, भीती कशी कोनाकोनाने चढत जाते वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ही काहून गेली तिथं? घरी कोणाले सांगून तरी निघाली का?"

सरांनी उठून कूलर लावला. आता आमच्याकडे प्रत्येक सिनेमाला 'काकूंचं काहून' पास करावं लागतं. फार थोडे होतात.

*

मंगलाताईंना संध्याकाळची सावनेरची बस गाठायची असते. त्यामुळे त्यांनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. भूत शेवटचं उठलं, की ताई पर्स उचलून उठतात.

पण सोमवारी स्टाफरूममध्ये तर सिनेमा सांगावा लागतो! मग ताई शेवट स्वतः करतात. मांजरवाल्यात खुनी हा हिरोचा भाऊ होता. ताईंनी खुनी केलं ते सासूला. स्टाफरूममध्ये म्हणे चहा गार झाला, पण कोणी कप उचलला नाही.

पुढे एका मॅडमनी तो सिनेमा मिळवून पाहिला आणि ताईंकडे तणतणत आल्या. "काय वं मंगला, चुकीची कॉपी आहे माह्याकडं. सासूचं तं काहीच नाही त्याच्यात!"

हा किस्सा ताईंनी सांगितला तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना पोटात दुखलंच. मी ते सिनेमे पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत बघतो, आणि भाव खाणार कोण, तर अर्धा सिनेमा बघून पळणारी बाई!

*

आता पिंट्या.

पिंट्याला सिनेमा बघायची भलतीच सवय. भूत पडद्याच्या डावीकडे असलं की हा उजवीकडे बघणार. जत्रा, बाजार, लग्नाची वरात आली की याचा पॉज ठरलेला. टीव्हीला नाक लावून एकेक चेहरा बघत बसणार.

"अबे, भूत तिकडं आहे! गर्दीत काय पाहून राहिला?" मी एकदा वैतागून विचारलं.

पिंट्या शांतपणे म्हणाला, "गर्दीतच खरा सिनेमा असते."

झालं! सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वा," म्हणाले. नंतर एका कॉलेजात पोरांसमोर जुन्या भयपटांवर बोलायला आम्हाला बोलावलं. मी मेकअपवर बोललो. मेणाच्या जखमा कशा करायचे, रक्ताला कोणता रंग वापरायचे, सगळं. मागची दोन पोरं मोबाईल बघत होती, पुढची एक झोपली होती. मग सर उठले आणि म्हणाले, "आमचा एक मित्र म्हणतो, गर्दीतच खरा सिनेमा असतो." सगळ्या पोरांनी वह्या उघडल्या!

पिंट्या तर तिथे आलाही नव्हता. दुकानात कोणाच्या तरी मोपेडची क्लच केबल शोधत बसला होता.

*

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. कारण काढलं ब्रेक शूचं, खरं म्हणजे हेरगिरी. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या कॅसेट त्याने पोत्याने आणून ठेवलेल्या. पलंगाखाली कॅसेट, देव्हाऱ्याखाली कॅसेट, पिठाच्या डब्यामागेही कॅसेट. बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना यायले. पाहुणा आला तं बसवाव कुठं?" मी काय सांगणार? ते वैभव बघून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं.

समोर भिंतीवर हार घातलेला एकच फोटो होता. गालफडं बसलेला, मोठ्या मिशांचा माणूस.

"बाबा," पिंट्या म्हणाला. "संत्र्याच्या बागेत मजुरीले जायचे. गावच्या नाटकात राक्षस तेच होत."

"आणि आई?"

"तिचा फोटोच नाही गा. मी लहान होतो तवाच गेली. मले चेहरापण आठवत नाही. बाबा म्हणत, हसली की पदर तोंडाशी धरायची."

मी ब्रेक शू घेऊन निघालो. खरं सांगतो, जिना उतरताना माझ्या डोक्यात पुन्हा त्या पिठाच्या डब्यामागच्या कॅसेटच होत्या.

*

एका रविवारी मंगलाताई म्हणाल्या, "आमच्या सावनेरकडं एका भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं म्हणे. मी शाळेत असन तवा. टॉकीजले लागला आणि दोन-चार दिवसात उतरला. आता ज्याले विचारा तो म्हणते, मी होतो त्याच्यात!"

पिंट्या एकदम सरळ बसला. "कॅसेट आहे का ताई कोणाकडं?"

"नाही बाप्पा. मी तं आजपर्यंत कोणाकडं पाहिली नाही."

त्या दिवशी मग त्याचं सिनेमात लक्ष नव्हतं, चहाही तसाच राहिला. मी ओळखलं, आता हा सावनेरवाला पण घेऊन जाणार! आणि तिथेच ठरवलं, काहीही होवो, हा तरी माझ्या नावाचा झाला पाहिजे.

धंतोलीत अख्ख्या विदर्भातून पेशंट येतात. सावनेरकडचा कोणी आला की मी विचारायचो, "शर्ट काढा. छाती टेकवा. श्वास रोखा. तुमच्याकडं एक भुताचा सिनेमा काढला होता, आठवते का?" एक म्हातारा श्वास रोखून बोलणार कसा? त्याने मान हलवली आणि एक्स-रे बिघडला! डॉक्टरांनी मला आत बोलावून विचारलं, "अविनाश, पेशंटच्या छातीत काय शोधून राहिला तू?"

पण त्याच म्हाताऱ्याच्या भावाचा कधीकाळी व्हिडिओचा धंदा होता! घरात एक पेटी पडून होती. मी सावनेरला जाऊन ती पालथी घातली. तळाशी, तुटक्या कव्हरमध्ये, तो होता.

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडून मी ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि घरी पुन्हा पुन्हा पाहिली. काय सिनेमा होता! कथा धड नाही, आवाज मागेपुढे. पण संत्र्याच्या बागेतून घोंगडं पांघरून उठणारं ते भूत! घोंगड्याखालून त्याच्या चपला दिसतात, तरी अंगावर काटा येतो. हे बाहेरच्या कोणाला सांगून कळणार नाही.

मी सगळ्यांना फोन केले. पिंट्याला मुद्दाम शेवटी.

त्याने एवढंच विचारलं, "गर्दी आहे का गा त्यात?"

"ये आणि पाहा," मी म्हणालो. इतकं गोड वाटलं म्हणून सांगू!

*

त्या रविवारी पिंट्या सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. टीव्हीच्या इतका जवळ की सर म्हणाले, "अरे, मागे सरक." तो सरकला नाही. मंगलाताईंनी बस सोडून द्यायची तयारी ठेवली होती. मी वेताच्या खुर्चीत बसलो. ती खुर्ची बसायला अजिबात चांगली नाही, खालून टोचते. पण कोणाला सांगतो!

मी मनसोक्त पॉज घेतले. चपलांवर बोललो. घोंगड्यावर बोललो. बागेतल्या उजेडावर तर एवढा बोललो की सरांनी चष्मा काढून पुसला. पिंट्या मात्र वळून बघेना. आज त्याचं 'पाहिला मी गा' नाही, 'चांगला आहे' नाही, काही नाही. जळतोय, मी म्हटलं. आज तुझी पाळी. जळ!

मग तो सीन आला. बाया टोपल्या घेऊन संत्री तोडत आहेत. झाडांमागून घोंगडं हळूहळू उठतं. सरांनी कूलर बंद केला. सगळ्या बाया किंचाळत, टोपल्या टाकून पळतात.

सिनेमा थांबला. मी बटण दाबलं नव्हतं. खुर्चीच्या हातावरचा रिमोट पिंट्याच्या हातात होता.

"पिंट्या!" सर म्हणाले. "पॉज अविनाशचा आहे."

पिंट्याने ऐकलंच नाही. त्याने थोडं मागे घेतलं. पुन्हा चालवलं. पुन्हा मागे. माझं डोकं सणकलं. माझा सिनेमा, माझी खुर्ची, आणि इथेही याला माझ्याआधी काहीतरी दिसलं! मी पुढे वाकून पाहिलं. पळणाऱ्या बायांमध्ये एक जण जागेवरच उभी होती. टोपली कमरेवर, पदर तोंडाशी, आणि खांदे हलत होते. ती हसत होती.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "एक्स्ट्रा बाई आहे. टेक चुकला तिचा."

"एक्स्ट्रा नाही गा," पिंट्या म्हणाला. "माय आहे माझी."

कूलर बंद होता, तो लावायचंही सरांना सुचलं नाही. मंगलाताईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. मी खुर्चीतून कधी उठलो आणि सतरंजीवर त्याच्या शेजारी कधी बसलो, मला आठवत नाही.

काकू पहिल्यांदाच दार सोडून आत आल्या. पडद्यावरच्या त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"साऱ्या जीव घेऊन पळून राहिल्या," त्या हळूच म्हणाल्या, "मग हीच एकटी काहून हसून राहिली गा, भुताले पाहून?"

पिंट्याने पडद्यावरची नजर काढली नाही.

"भूत आमचे बाबा आहेत ना, काकू."